कमरेची शिवण

डोळे मिटून घ्या असं मी सांगणार नाही. उलट चांगले उघडे ठेवा, कारण ही गोष्ट फार बारकाईने बघणाऱ्या एका मुलीची आहे. कल्पना करा, सकाळची वेळ आहे, शाळेची घाई चालली आहे, आणि तुम्ही गणवेशाचा निळा स्कर्ट चढवून त्याचं हुक लावता. हुक लागतं. तुम्ही दप्तर उचलून पळता. कमरेला कापड कसं बसलं याचा विचार करायला तुम्हाला वेळ नसतो, आणि नसावाच. आता तुमच्या जागी दुसरी एक मुलगी उभी करा. वयाने तुमच्याएवढीच. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण लहानपणी साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ती बरोबर तिथे पोचायची. हल्ली ती साखरेच्या वाटेला जात नाही, पण नाव तेच राहिलं आहे. मुंगी हुक लावते आणि पळत नाही. ती श्वास रोखून उभी राहते, जसं कोणी दाराला कान लावून पलीकडचं बोलणं ऐकावं, आणि आपल्या कमरेला विचारते, सांग, आज काय?

त्या सकाळी कमर म्हणाली, काही नाही, कालच्यासारखंच. मुंगीला आधी हायसं वाटलं. मग हायसं वाटण्याच्या मागोमाग, जिन्यावर कुणाची पावलं ऐकू यावीत तसा संशय आला. कालच्यासारखंच कसं? दवाखान्यातल्या आहारताईने ठरवून दिलेलं सगळं ती कित्येक आठवडे खात होती. दूध, लोणी लावलेला ब्रेड, केळं, बटाटा, पुन्हा दूध. रडत, कधी ताटाकडे न बघता, पण खात होती. नखांचा निळेपणा कमी झाला होता, वर्गात बसल्यावर बाकाचं लाकूड हाडांना टोचायचं तेही कमी झालं होतं. सगळं अंग बदलत होतं आणि स्कर्ट तेवढा जसाच्या तसा सैल. तिने तो उतरवला, उलटा केला आणि खिडकीपाशी नेला. बाजूच्या शिवणीलगत सुईच्या भोकांची एक बारीक रांग होती, दोरा नसलेली, रिकामी. तिच्या शेजारी, अगदी शेजारी, नवा टाका. दोऱ्याला अजून चकाकी होती. बाहेर स्वयंपाकघरात आई कप विसळत होती आणि गुणगुणत होती. मुंगीला वाटलं, जरा जास्तच गुणगुणते आहे.

ही कमर तिचा एकुलता एक साक्षीदार होती, हे तुम्हाला सांगायला हवं. घरातला वजनकाटा आहारताईच्या सांगण्यावरून गेला होता. न्हाणीघरात तो जिथे असायचा तिथे फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ राहिला होता, आणि पहिले काही दिवस मुंगी सवयीने त्या चौकोनावरच जाऊन उभी राहायची. दवाखान्यात काट्यावर चढताना पाठ करून उभं राहायचं असा नियम होता. आकडा आहारताई बघायची, तोंडावरची माशी हलू न देता, आणि "उतर" म्हणायची. एवढंच. त्या एका शब्दात मुंगीने काय काय शोधलं होतं! आज जरा लवकर म्हणाली, आज उशिरा म्हणाली, आज आवाजात समाधान होतं, म्हणजे वाढलं असणार. "उतर" हा शब्द तिने याआधीही एकदा ऐकला होता. सगळं तिथूनच सुरू झालं असं मनावर उपचार करणारे, बोलण्याचे डॉक्टर मानत नसत, ते म्हणायचे, अशा आजाराला एकच दार नसतं. मुंगीला मात्र ते एक दार स्पष्ट दिसायचं, कारण ते लिफ्टचं होतं. घरच्या सगळ्यांबरोबर ती कुठल्याशा वाढदिवसाला चालली होती. सगळे आत शिरले, मुंगी शेवटी शिरली, आणि वजन जास्त झाल्याचा बझर वाजला. आत्या म्हणाली, "मुंगी कसली गं, हत्तीण झालीये ही! उतर, उतर, जिन्याने ये." सगळे हसले. मुंगीही हसली. बाबा तर सर्वांत मोठ्याने हसले, कारण ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि लिफ्टमधला कुठलाही विनोद त्यांना आपल्या घरचा वाटायचा. दारं मिटली. मुंगी जिना चढायला लागली, आणि बझर तिच्याबरोबर चढला. त्यानंतर तो थांबलाच नाही. ब्रेडचा तुकडा तोंडाशी नेला की वाजायचा. नाही खाल्लं की थोडा वेळ गप्प बसायचा. त्या गप्प बसण्यासाठी तिने काय काय सोडलं त्याची यादी मी देणार नाही. शेवटी मैत्रिणी सोडल्या, हसणंही सोडलं. एका दुपारी शाळेच्या प्रार्थनागृहात ती उभ्या उभ्या खाली कोसळली, तेव्हा डॉक्टरांनी तिची नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

डॉक्टर म्हणाले होते, हृदय हाही एक स्नायूच आहे, अंग उपाशी राहिलं की तेही झिजतं. अजून घरी राहून बरं होता येईल. पण पुन्हा घसरण झाली तर वॉर्डात ठेवावं लागेल, आणि तिथेही वेळेत पोचलो तर. "तर"च्या पुढे ते थांबले होते. आई तेव्हा मांडीवरच्या पर्सची कड बोटांनी चाचपत होती, एखादी शिवण तपासावी तशी. आई कपड्यांच्या दुकानात मागे बसून गिऱ्हाइकांचे कपडे अंगाच्या मापाचे करून द्यायची. कुणाची पँट आखूड, कुणाचा कोट सैल. माणूस पडद्याआडून बाहेर आला की ती टेप न लावता सांगायची, इथे बोटभर घ्यावं लागेल. आणि अशा आईने मुंगीचा स्कर्ट एकदा आत घेतला, मग पुन्हा घेतला, मग आणखी एकदा, काही न बोलता, तोंडात टाचण्या धरून. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही. मुंगीला पूर्वी वाटायचं, आईला कळलंच नाही. हल्ली वाटायचं, कळलं होतं, म्हणूनच टाचण्या. एवढं मात्र खरं की आईने कापड कधी कापलं नव्हतं. जे आत घेतलं ते सगळं शिवणीच्या मागे दुमडून ठेवलं होतं. त्या जादा कापडाला माया म्हणतात. पुढे कधी कपडा मोठा करावा लागला तर ती उपयोगी पडते. "कापून टाक ना, टोचतंय," असं मुंगी म्हणायची, आणि आई टाचण्यांतून "हूं" करायची आणि कापायची नाही.

आता नवा टाका त्या कापडातून पुढे सरकला होता. थोडासाच. आणि आधीची भोकं नीट पाहिली तर त्याच्याही आधी एकदा सरकला होता. म्हणजे मुंगी झोपलेली असताना, किंवा शाळेत असताना, कुणीतरी स्कर्टला खोटं बोलायला शिकवत होतं. कुणीतरी म्हणजे आईच. पण आईला सांगितलं कुणी? आईला आपण होऊन असं काही सुचत नाही, मुंगीने मनात म्हटलं, आई गिऱ्हाईक सांगेल तेवढंच करते. आणि त्या क्षणी तिच्या मनात आहारताईचा चेहरा आला, तो शांत, काही हलू न देणारा चेहरा.

आहारताईकडे पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा आत्या फोनवर म्हणाली होती, "आहारतज्ज्ञाकडे? अगं, तिथे लोक बारीक व्हायला जातात. हिला आणखी बारीक करून काय पाकिटात घालणार आहात?" मुंगीलाही तसंच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर ती त्याच आशेने गेली होती. तिथे गेल्यावर कळलं की ही बाई वेगळ्या कामाची आहे. डॉक्टर नाडी बघतात, बोलण्याचे डॉक्टर मनातलं ऐकतात, आणि या दोघांच्या मधोमध जे ताट असतं, ज्याच्यावर सगळं अडतं, ते ताट आहारताईचं. तिची एक पद्धत होती. ती समोर बसून स्वतः तेच खायची. दोन सारख्या बशा, दोन सारखे कप. बोलायची खाण्याबद्दल सोडून सगळ्याबद्दल, तिच्या गाढवासारख्या हट्टी सायकलबद्दल, दवाखान्याशेजारच्या बासरी शिकणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल, ज्याची बासरी अजून कुकरच्या शिट्टीच्या पुढे गेली नव्हती. पहिल्या दिवशी मुंगीने विचारलं होतं, "मला भूकच लागत नाही, तर का खायचं?" आहारताई म्हणाली, "तुझं पोट सध्या बंद पडलेल्या घड्याळासारखं आहे. काटे दिसतात, पण वेळ चुकीची. घड्याळ दुरुस्त होईपर्यंत माझ्या घड्याळावर चाल. किती खायचं, केव्हा खायचं, हे सध्या मी ठरवते. तुझ्या डोक्यावरचं तेवढं ओझं माझ्याकडे दे." मग ती पुढे झुकून म्हणाली होती, "त्या बदल्यात तुला माझा एक शब्द. तुझ्या खाण्यात तुला न सांगता कधीही काही मिसळलं जाणार नाही. तुझ्यापासून लपवून काही केलं जाणार नाही. तुला आवडणार नाही असं पुष्कळ करेन, पण तोंडावर करेन." मुंगीने आईकडे पाहिलं होतं. आईनेही मान हलवली होती. या एका शब्दावर मुंगीने पहिला घास घेतला होता. दुसऱ्या कशावरही नाही. बझर वाजत असताना ती मनात म्हणायची, तिने सांगितलंय, लपवाछपवी नाही, आणि घास खाली उतरायचा.

"मुंगे, दूध गार होतंय." आई दारात उभी होती, हात पुसत. मुंगीने स्कर्ट कधीच पुन्हा चढवला होता. टेबलावर नेहमीचा कप, नेहमीचा ब्रेड. दुधावर साय जरा जाड दिसत होती का? लोण्याचा रंग कालच्यापेक्षा पिवळा होता का? एकदा शिवण सरकवता येते म्हटल्यावर काय सरकवता येत नाही? तिला एकदम सगळं घरच उलटं करून आतले टाके बघावेसे वाटले. खुर्चीचे, पडद्यांचे, आईच्या हसण्याचे. ती म्हणाली, "मला नकोय." आई म्हणाली, "असं नाही चालत ना राजा, आपलं ठरलंय." "काय काय ठरलंय?" मुंगीने विचारलं, आणि आईकडे रोखून पाहिलं. आईची नजर स्कर्टकडे गेली आणि लगेच कपाकडे परत आली. बाबा बुटाच्या नाड्या बांधत होते, ते वाकल्या वाकल्या म्हणाले, "काय, सकाळी सकाळी उलटतपासणी? वकीलबाई, न्यायालयाला आज डबल ड्युटी आहे, तारीख संध्याकाळची द्या." कोणी हसलं नाही. दूध तसंच राहिलं. सायीवर सुरकुती पडली. मुंगी शाळेत गेली, आणि मधल्या सुट्टीतला डबाही तिने उघडला नाही. बझर गप्प होता. कितीतरी दिवसांनी इतका गप्प. ती शांतता किती ओळखीची होती, किती गार! फळ्यावरची अक्षरं मधूनच पुसट व्हायची आणि पुन्हा ठळक व्हायची, आणि तिला वाटत होतं, एवढ्या जगात मला न फसवणारा तोच एक.

दुपारी शाळा सुटल्यावर आई तिला दवाखान्यात घेऊन गेली. जिना चढायची डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून लिफ्ट. आई आधी शिरली, मग एक जाडजूड गृहस्थ फायलींचा गठ्ठा घेऊन, मग मुंगी. दर वेळी ती उंबऱ्यावर क्षणभर थांबायची आणि वरच्या छोट्या जाळीकडे बघायची, जिथून तो आवाज येतो. जाळी गप्प राहिली. तरी तिचा विश्वास बसला नाही. बाबांना सांगून बझरची वायरही काढली असेल. का नाही? बाबांना येतं ते.

आहारताईच्या खोलीत दोन बशा मांडलेल्या होत्या. चीज घातलेले दोन सँडविच, दोन कप दूध. खिडकीतून बासरी नाही, रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा येत होता. मुंगी खुर्चीच्या कडेवर बसली, आई भिंतीशी. "आज सायकलने मला रस्त्यात सोडलं," आहारताई म्हणाली, "चेन निघाली आणि मी हिला मागून ढकलत ढकलत..." "तुमची बशी मला द्या," मुंगी म्हणाली. आहारताईने हातातला अर्धा चावलेला सँडविच पाहिला. "हा? उष्टा आहे गं." "तोच द्या. माझा तुम्ही घ्या." आईने "अगं" म्हटलं, पण आहारताईने काही न विचारता बशा बदलल्या, मुंगीच्या बशीतला सँडविच उचलला, सरळ मोठा घास घेतला आणि चावता चावता तिच्याकडे पाहत राहिली. इतक्या सहज बदलते, म्हणजे आधीपासून ठाऊक असणार की मी मागेन, मुंगीला वाटलं. सहजपणाचाही संशय येतो, मुलांनो, संशयाला एकदा घरात घेतलं की तो सगळ्या खुर्च्यांवर बसतो. तिने आपल्यासमोरच्या सँडविचवरचे दातांचे ठसे पाहिले. स्वच्छ, अर्धवर्तुळाकार. हे दात खोटं बोलतात का?

"विचार," आहारताई म्हणाली. "जे आहे ते विचार. खाणं थोडं थांबेल."

"स्कर्ट कुणी वाढवला?"

आहारताईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. तिने मुंगीकडे पाहिलं, मग तिच्या स्कर्टकडे, मग भिंतीकडे. "कुठला स्कर्ट? मला नाही कळलं."

मुंगी उभी राहिली. बाजूची शिवण चिमटीत धरून तिने उलटी करून दाखवली, सर्कशीतल्या जादूगाराची बाही पकडावी तशी. "ही भोकं बघा. आणि हा नवा टाका. माझं वजन वाढतंय ते मला कळू नये म्हणून. तुम्ही म्हणाला होतात, लपवून काही करणार नाही. तुम्हीच सांगितलंत ना आईला?" तिचा आवाज फाटला, आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण अशा वेळी थंड राहायचं तिने सबंध दिवस ठरवलं होतं. टेबलाला तिचा गुडघा लागला आणि कपातलं दूध डुचमळलं.

"मी केलं," आई म्हणाली. ती उठली नव्हती. "ताईंना ठाऊकही नाही. कुणी सांगितलं नाही मला. तू सकाळी हुक लावतेस ना, तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकते. हुक लागल्यावर तू किती वेळ गप्प उभी राहतेस ते ऐकते. ज्या दिवशी ते घट्ट लागेल त्या दिवशी तू खाणं सोडशील, एवढं मला दिसत होतं, आणि मला दुसरं काय येतं गं? मला एवढंच येतं. सुई-दोरा. म्हटलं, बोटाच्या पेराएवढी शिवण सोडत गेले तर तिला कळणार नाही आणि ती आपली खात राहील." तिने नाक ओढलं. "इतक्या बायकांचे कपडे सैल केले, एकीलाही कळलं नाही कधी. उलट खूश व्हायच्या. तुलाच कसं कळलं?" शेवटच्या वाक्यात, रडता रडतासुद्धा, थोडासा कारागिराचा हिरमोड होता.

मुंगीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. हे पाठ करून आल्या असतील का? आईचं रडणं खरं होतं, ते तिला कळत होतं, पण खरं रडूनही माणूस दुसऱ्यावरचा आळ आपल्यावर घेऊ शकतो. आहारताईने बशी बाजूला सारली. मुंगीला वाटलं, आता ती आईला रागावेल, म्हणजे खरं. किंवा आईची बाजू घेईल, म्हणजे कट. आहारताईने दोन्ही केलं नाही. ती आईला म्हणाली, "तुमच्या जागी मी असते आणि मला शिवता येत असतं, तर कदाचित मीही केलं असतं. पण यात एक चूक झाली. त्या आजाराचं म्हणणं काय असतं? की जगात सगळे तुला फसवतात, फक्त मी खरा. आज तुमच्या टाक्याने त्याच्या बाजूने साक्ष दिली." मग ती मुंगीकडे वळली. "आणि तू. माझं काम तुला आकडा कळू न देणं हे आहे, ते मी तुला तोंडावर सांगितलंय. स्कर्ट वाढवायला मीही कधीतरी सांगणारच होते, तुझ्यासमोर, कारण तो वाढणार आहे. तू वाढणार आहेस. ते तुला आवडणार नाही. ते मी लपवणार नाही." "आणि मी विश्वास नाही ठेवला तर?" मुंगी म्हणाली. "नको ठेवूस," आहारताई म्हणाली. "तपास. उघडून बघ, वास घे, बशा बदल, दहा वेळा विचार. संशय घेत घेतही खाता येतं. मला तुझा विश्वास आज नसला तरी चालेल, पण सकाळपासून तू काही खाल्लेलं नाहीस, तुझे ओठ पांढरे पडलेत, आणि तुझं हृदय विश्वास बसायची वाट बघत थांबणार नाही."

मुंगीने ओठांवरून जीभ फिरवली. ती बसली, कप उचलला आणि दूध प्यायली, थोडं थोडं, मध्ये मध्ये थांबून, बझर कानात कर्कश वाजत असताना. सँडविच मात्र काही केल्या उचलला जाईना. आहारताई समोर बसून राहिली. बाहेर पुढचा पेशंट आला, त्याच्या आईचा खोकला दारातून ऐकू आला, तरी ती उठली नाही. शेवटी तिने नवा सँडविच मुंगीच्या डोळ्यांसमोर केला. ब्रेड, लोणी, चीज, ब्रेड. कागदात बांधला. "राहिलेलं घरी, जेवणाच्या आधी. आत काय आहे ते तू पाहिलंस." आणि आईला म्हणाली, "स्कर्टचं काय करायचं ते घरी दोघी मिळून ठरवा. खाण्याचं मी ठरवते, कापडाचं ती ठरवू दे."

घरी पोचल्या तेव्हा बाबा डबल ड्युटी टाकून लवकर आले होते. आईने फोनवर सगळं सांगितलेलं असणार, कारण त्यांनी एकही विनोद केला नाही, आणि बाबा विनोद करत नाहीत म्हणजे घरात कुणीतरी आजारी आहे हे मुंगीला अगदी लहानपणापासून ठाऊक होतं. ते पुष्कळ वेळ हातातला पाना पुसत राहिले, जो आधीच स्वच्छ होता. मग म्हणाले, "ती लिफ्ट. आत्या बोलली होती ना तुला. मी हसलो होतो. मला माहीत होतं तेव्हा, पण बोललो नाही. तो बझर शेवटी आत आला त्याचं वजन मोजत नाही गं. सगळ्यांचं मिळून मोजतो. तू आधी शिरली असतीस आणि आत्या शेवटी, तर आत्यावर वाजला असता."  समजूत घालण्यासाठी रचून सांगताहेत का, हे मुंगीने त्यांच्या चेहऱ्यात शोधलं. सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे नाहीच, असंही तिला वाटलं नाही. पण तिने ते ऐकून ठेवलं, जसं आपण एखादं बटण खिशात टाकून ठेवतो, कुठलं आहे ते मागाहून बघू म्हणून.

खिडकीतून अजून उजेड येत होता. आईने मशीनवरचं झाकण काढलं, स्कर्ट उलटा करून मुंगीपुढे पसरला आणि शेजारी छोटी कात्री ठेवली. कागदात बांधलेला सँडविच त्याच टेबलावर, दोऱ्याच्या रिळांजवळ. "सांग," आई म्हणाली. "पूर्वीच्या टाक्यावर नेऊ? नेते. तू म्हणशील तसं." मुंगीने कात्री उचलली. शिवणीच्या मागे ते दुमडलेलं कापड होतं, आईने कधी न कापलेलं, आतून अजून नव्यासारखं गडद निळं, कारण त्याला ऊन लागलं नव्हतं. एकदा कात्री फिरवली की झालं. मग कोणालाच हा स्कर्ट कधी मोठा करता आला नसता, लपूनही नाही, सांगूनही नाही. बझर म्हणाला, काप. आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ते हात पुढे यायला धडपडत होते, हे मुंगीला दिसत होतं, आणि ते पुढे येत नव्हते, हेही.

मुंगीने कात्रीचं टोक नव्या टाक्याखाली घातलं आणि तो उसवला. एकेक टाका, शेवटपर्यंत. कापडाला धक्का न लावता. चकाकणारा निळा दोरा ओढून काढून तिने तो टेबलावर टाकला. मग रिळांच्या डब्यात बोटं घालून एक रीळ शोधून काढलं, लालभडक. "याने शीव," ती म्हणाली. "तू सोडली होतीस तिथेच शीव. पण याने."

"वेडी का काय? निळ्यावर लाल? सगळ्या शाळेला दिसेल."

"मला दिसला पाहिजे," मुंगी म्हणाली. "पुढच्या वेळी सोडशील तेव्हा पण लालच लाव. मला दिसायला हवा."

आईने तिच्याकडे पाहिलं. सुई घेतली, लाल दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दोरा काही सुईत जाईना. तेव्हा मुंगीने तो तिच्या हातातून घेतला, सुईत ओवला आणि सुई परत दिली. मग तिने सँडविचचा कागद उलगडला, वरचा ब्रेड उचलून आत नीट पाहिलं, वास घेतला, पुन्हा झाकला, आणि आईचा पहिला लाल टाका कापडातून वर येत असताना एक घास तोडला.